चाव्याचं माप

सहा महिन्यांत आईचं वजन नऊ किलोनं उतरलं, तेव्हा डॉक्टरनं मला विचारलं, "घरात खायला देता ना त्यांना?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. मी म्हणालो, "अहो, माझ्या घरात दोन फ्रीज आहेत, दोन्ही भरलेले. आणि आईच्या तोंडात जी कवळी आहे ना, ती माझ्या कारखान्यातली आहे. तुमच्या वडिलांच्या तोंडातली पण माझ्याच कारखान्यातली, विचारा त्यांना." डॉक्टर हसला नाही. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांत काही म्हणजे काही निघालं नव्हतं. "रोग नाहीये," तो म्हणाला. "त्या खात नाहीत. का खात नाहीत ते शोधून काढा. या वयात आणखी चार-पाच किलो गेले, तर मग मला बोलावून उपयोग नाही."

मी तिथून तडक घरी आलो. भर दुपारी मी घरी जायची ती कदाचित वीस वर्षांतली पहिलीच वेळ असेल. वॉचमनसुद्धा गडबडून उभा राहिला.

आईची खोली वरच्या मजल्यावर. मोठी, हवेशीर, खिडकीतून बाग दिसते. आई तिथंच जेवते, एकटी. "मला तुमच्या वेळा झेपत नाहीत रे," असं तिनं कधीतरी सांगितलं होतं, आणि आम्ही ते खरं धरलं होतं. मी दार ढकललं. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर वाडगा. कवळी बाजूच्या ग्लासात, पाण्यात. आणि ती दुधात बुडवलेला पाव नुसत्या हिरड्यांनी चघळत होती.

मला बघितलं आणि तिची अशी काही धांदल उडाली! ओल्या हातानं ग्लासातून कवळी काढली, घाईघाईनं तोंडात बसवली, आणि हसली. "अरे, तू? आज लवकर सुटलास?"

आता मी काय करावं? मी खाली जाऊन स्वयंपाकीणबाईंवर ओरडलो. तेच येतं मला. "आईला दूध-पाव? ही काय जेवायची तऱ्हा झाली?" बाई जुन्या आहेत, घाबरत नाहीत. हात पुसत म्हणाल्या, "साहेब, चार वर्षं झाली, त्या हेच खातात. नाहीतर मऊ भात. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

चार वर्षं म्हणजे कवळी बसवल्यापासून.

परत वर गेलो. म्हटलं, "आई, आ कर." ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, "आ कर." किती वर्षांनी मी कुणाच्या तोंडात डोकावत होतो कोण जाणे. आता मी फक्त कागद बघतो आणि मीटिंगा घेतो. पण एकदा शिकलेली नजर कुठं जात नाही. खालच्या हिरडीवर जखमा होत्या. काही जुन्या, पांढरट पडलेल्या, दोन अगदी ताज्या.

"कधीपासून दुखतंय?"

"पहिल्या आठवड्यापासून," आई म्हणाली. जणू तिचीच काही चूक झाली असावी, अशा आवाजात.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आले होते की सांगायला. तुझ्या कारखान्यात. खाली त्या मुलीनं मला नंबर दिला आणि बस म्हणाली. बसले तासभर. तू फोनवर होतास म्हणे. मग वाटलं, तुझा कामाचा वेळ, उगाच कशाला."

तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर आईचा फोटो आहे. पुरुषभर उंचीचा. पांढरेशुभ्र दात, एका ओळीत, आणि खाली लिहिलंय, 'आमच्या संस्थापकांच्या मातोश्री'. त्या फोटोखालच्या बाकावर माझी आई हातात नंबराचा कागद धरून तासभर बसली आणि उठून घरी आली. आणि त्या मुलीनं तिला ओळखलंसुद्धा नाही.

कवळ्या करणं हा आमचा घरचा धंदा. माझे वडील, अण्णा, एका खोलीत दोन खुर्च्या टाकून हे काम करायचे. मी आणि माझी धाकटी बहीण ठकू त्यांच्याच हाताखाली शिकलो. ठकू हे काही तिचं खरं नाव नाही, पण खरं नाव आता तिलाही आठवून सांगावं लागतं. अण्णांचे दोन नियम होते. पहिला, माप घाईत घ्यायचं नाही. दात नसलेल्या माणसाला नुसतं 'चावून धरा' म्हटलं, की तो बिचारा बुजतो आणि खालचा जबडा पुढे काढतो. त्या जागेवर कवळी केली, तर ती आरशात झकास दिसते. खायला बसलं की जबडा आपल्या मूळ जागी मागे सरकतो, आणि वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. म्हणून अण्णा आधी गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. पोरंबाळं, शेजारीपाजारी, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं. माणूस रंगात आला, जबडा सैल पडला, की हळूच म्हणायचे, "हं, आता गिळा बरं." आणि माप घ्यायचे. कधीकधी एका मापाला अख्खी सकाळ जायची.

दुसरा नियम, गिऱ्हाइकाला दुकानातच एक अख्खं सफरचंद खायला लावायचं. कापलेलं नाही. ते संपल्याशिवाय माणसाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, मग तो कितीही बडा असो.

मी वेगळा निघालो तेव्हा दोन्ही नियम मागे ठेवले. गप्पांना वेळ कुठला होता? आणि सफरचंद म्हणाल, तर आमच्याकडे खाली गालिचा आहे. ठकू माझ्याकडे कामाला आली होती, तीन महिने टिकली. प्रत्येक माणसाच्या मूळ दातांचे जुने फोटो मागत बसायची, ज्याचा दात वाकडा होता त्याला वाकडाच करून द्यायची. मी एकदा सगळ्यांसमोर तिच्यावर डाफरलो, "तू जन्मभर त्या दोन खुर्च्यांच्या खोलीतच सडणार!" तिनं एप्रन काढून घडी घातली आणि गेली. त्यानंतर आम्ही भेटायचो ते लग्नकार्यात, तेही लांबूनच.

आणि आईचं माप? ते मी स्वतः घेतलं होतं. मोठ्या हौसेनं. नवं यंत्र आलं होतं, फोटोग्राफर बोलावला होता, दिवे लावले होते. आई खुर्चीत अशी बसली होती, जणू तिची परीक्षा चालली आहे. माझ्या एका कानाला फोन. मी म्हटलं, "चावून धर," आणि तिनं धरलं. चार मिनिटांत काम झालं. अण्णांच्या हाताखालच्या कुठल्याही नवशिक्याला कळलं असतं की जबडा पुढे आलाय. मला नाही कळलं. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला कारखान्यात घेऊन गेलो. सगळ्यांना मजल्यावरून बाहेर काढलं, दार लावलं, बाह्या सरसावल्या. म्हटलं, मी बिघडवलं, मीच सुधारीन. मापाचं मेण हातात घेतलं तर ते माझं बोट फिरायच्या आत गार व्हायला लागलं. हात जड झालाय माझा. पण ते निभावलं असतं. न निभावणारी गोष्ट वेगळीच होती.

"सैल सोड, आई."

"सोडलंय की."

कुठलं सोडलंय! पाठ ताठ, हात मांडीवर जुळवलेले, जबडा पुढे. तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा खुणा वेगळ्या. मग मला अण्णांची आठवण झाली. गप्पा मारायच्या. मी स्टूल ओढून समोर बसलो आणि म्हटलं, "मग, काय म्हणतेस?"

"बरं आहे."

"झोप लागते ना?"

"लागते."

आणि पुढे मला प्रश्नच सुचेना. हसू नका. साठीचा माणूस, दिवसाला पन्नास लोकांशी बोलतो, आणि स्वतःच्या आईला विचारायला माझ्याकडे तिसरा प्रश्न नव्हता. तिच्या मैत्रिणी कोण, त्यांतल्या कोण आहेत, कोण गेल्या, तिला दुपारी काय करायला आवडतं, कशाचाच पत्ता नाही. मला घाम फुटला. आणि मला घाम फुटला की मी चिडतो. मी म्हणालो, "आई, तू मुद्दाम करतेयस का?"

ती दचकली. मेण तोंडात तसंच, म्हणाली, "चुकलं का रे माझं काही?"

मी मेण काढून घेतलं आणि बेसिनकडे तोंड करून बराच वेळ हात धुतले.

मग ठकूकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. ड्रायव्हरला गल्ली सापडेना, मीच वाट दाखवली. जिना तोच, अण्णांची खोली तीच, खुर्च्याही त्याच दोन, फक्त त्यांवरचं कापड बदललेलं. फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. ठकूनं आईला बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाली, "बसा. माझं हे एवढं होऊ दे."

खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन होता. हातात सफरचंद. ठकू त्याच्यासमोर मान तिरकी करून उभी, कान लावून. "डावीकडनं चावा. हं. आता उजवीकडनं. दुखतंय? खरं सांगा, माझी भीड धरू नका." तो कचकचा चावत होता, रस हनुवटीवरून शर्टवर ओघळत होता, आणि त्याचं कुणाकडे लक्षच नव्हतं. देठासकट संपवलं त्यानं. मग पुटपुटला, "ताई, आणखी एक आहे का हो?" ठकू अशी खुलली, की मी तिला इतकं खुललेलं लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं.

खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. माझ्या केबिनची एक भिंत मानपत्रांनी भरली आहे. माझ्या कवळ्या कुठकुठल्या शहरांत जातात, ते नकाशावर टाचण्या लावून दाखवलंय. पण मी केलेल्या दातांनी माझ्यासमोर कुणी घास खाल्लाय, असं चाळीस वर्षांत मला आठवेना. लोक मला यशस्वी म्हणतात, आणि मी ते ऐकून घेत आलो.

पोस्टमन गेल्यावर मी ठकूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"आईला चावता येत नाही ते. चार वर्षं मागे लागलेय तिच्या, की मी करून देते. ऐकेल तर शपथ. म्हणते, त्याला कळलं तर त्याचं मन मोडेल. एवढा मोठा फोटो लावलाय त्यानं."

मी भडकलोच. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस, दादा? आणखी एक यंत्र आणलं असतंस."

आई मधे पडली, "भांडू नका रे."

ठकूनं मेण तापवलं. आईला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली. मी शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. थोडा वेळ गेला. ठकू आईच्या हनुवटीला दोन बोटं लावून बघत होती. मग वळून मला म्हणाली, "दादा, तू जरा बाहेर बस."

"मी गप्प बसतो की."

"गप्प बसून भागणार नाही. तू इथं असलास ना, की तिचा जबडा सुटत नाही."

हे तिनं चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी चार शब्द सुनावले असते. पण ती चिडली नव्हती. मी आईकडे बघितलं. आई चटकन म्हणाली, "असू दे गं त्याला," आणि तसं म्हणताना तिची पाठ आणखी ताठ झाली. मी उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ठकूनं विषय काढला तो समोरच्या शिंपिणीचा. तिनं म्हणे एकदा कवळी हरवली आणि मांजरावर आळ घेतला. तीन दिवस मांजर उपाशी ठेवलं, आणि कवळी निघाली नवऱ्याच्या कोटाच्या खिशात. "नवऱ्याच्या? त्याच्या खिशात कशाला गेली ती?" आईचा आवाज. "तेच तर तिनं त्याला विचारलं!" आणि आई हसली. मोकळी, खो खो, खोकला येईपर्यंत. मग ती स्वतःच सुटली, शिंपिणीची सासू, सासूची बहीण, कुणी कुणाला काय सुनावलं होतं, नकलांसकट. माझी आई नकला करते! मला विसरायलाच झालं होतं. मी त्या पायरीवर बसून ऐकत होतो आणि मला इतकं वाईट वाटत होतं, की काय सांगू. बऱ्याच वेळानं ठकूचा आवाज आला, "हं, आता गिळ बरं, आई." मग, "झालं."

कवळी व्हायला दहा दिवस लागले. तेवढे दिवस आई ठकूकडेच राहिली, ये-जा नको म्हणून. अकराव्या दिवशी ठकूचा फोन आला, "खाल्लं सफरचंद."

"अख्खं?"

"अख्खं. आणि मला म्हणाली, किती आंबट आणलंयस मेले."

मी केबिनचं दार लावलं आणि रडलो. हो, रडलो, लपवायचं काय त्यात? मग बाहेर येऊन माणसं बोलावली आणि भिंतीवरचा तो फोटो उतरवायला सांगितला. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "साहेब, इथं दुसरा कुणाचा लावायचा?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही."

रविवारी आईला घरी आणायला गेलो. न कळवता गेलो, मलाही तिला खाताना बघायचं होतं ना. दोघी टेबलाशी जेवत होत्या. आईचे गाल भरल्यासारखे दिसत होते. नवे दात किंचित पिवळसर होते आणि खालचा एक तिरका, तिचा मूळचा होता तसाच. पावाचा कडक तुकडा ती मजेत चावत होती आणि भरल्या तोंडानं ठकूला काहीतरी सांगत होती. दोन क्षण मी दारात उभा राहून बघत होतो. एवढंच बघायला मिळालं.

मग तिनं मला पाहिलं. तोंड पुसलं, पाठ ताठ केली, हात मांडीवर घेतले. "ये, ये. बस. माझं झालंच." मी समोर बसलो. म्हटलं, "खा ना, आई. मी बसतो." तिनं माझ्याकडे बघत एक घास घेतला, आणि दात दातांवर खट्टकन चुकले. जबडा पुढे आला होता. तिनं घास गिळायचा प्रयत्न केला, जमेना, मग रुमालात काढला आणि ओशाळून हसली. अर्धं ताट तसंच होतं. म्हणाली, "पोट भरलं रे. खरंच."

निघताना तिनं विचारलं, "मी इथंच राहिले तर चालेल का? तुला राग नाही ना येणार?" आईनं मला परवानगी मागितली. मी म्हटलं, "चालेल की, त्यात काय."

ठकू जिन्यापर्यंत आली. कठड्याला टेकून उभी राहिली, बोलावं की नाही अशी. "दादा, रागावू नकोस. पण तू जेवण झाल्यावर येत जा."

त्याला आता आठ महिने झाले. आईचं वजन सहा किलोनं वाढलंय, डॉक्टर खूश आहे. मी दर रविवारी जातो. आता तिला विचारायला माझ्याकडे थोडे जास्त प्रश्न असतात, ठकूकडून आधीच फोनवर माहिती काढून ठेवतो. कधीकधी आई दोन-तीन वाक्यं सलग बोलते. मला जे काही मिळवायचं होतं ते सगळं मिळवून झालंय असं मी समजत होतो. आता एकच हवंय, तिनं माझ्यासमोर पोटभर जेवावं. पण ते कसं मिळवतात, ते मला येत नाही, आणि शिकायला आता किती वेळ उरलाय तेही माहीत नाही.

मी एक वाजता पोचतो. तेव्हा त्या नुकत्या जेवायला बसलेल्या असतात. मी गाडी कोपऱ्यावर सोडतो आणि समोरच्या फुटपाथवर फेऱ्या मारतो. पाऊण तास लागतो, आई सावकाश जेवते आता. ताट झालं की ठकू खिडकीतून हात करते, आणि मग मी वर जातो.